काम खाली पाठवलंत, आता पैसा आणि अधिकारही पाठवा: विकसनशील देशांच्या कृषी आणि अर्थ मंत्रालयांना खुलं पत्र

मंत्रीमहोदय, सचिव साहेब, आणि त्यांना कर्ज अन् सल्ला देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांमधल्या सगळ्यांना नमस्कार.

मी शेतकऱ्याची मुलगी आहे आणि गेली २३ वर्षं शेती विस्ताराचं काम करते. म्हणजे बांधावर जाऊन पीक बघायचं, कीड-रोग ओळखायचा, बियाणं-खत-पाण्याबद्दल सांगायचं आणि शेतकऱ्याचं म्हणणं वर कळवायचं. यातली सुरुवातीची वर्षं मी मंत्रालयाच्या कृषी खात्यात होते, मग एका सोमवारी एक पानी पत्र आलं की अमुक तारखेपासून आपली सेवा स्थानिक सरकारकडे वर्ग करण्यात येत आहे. त्या पत्रात आमची नावं होती, ऑफिसमधल्या कपाटांची आणि खुर्च्यांचीही यादी होती, पण मोटरसायकलच्या पेट्रोलचे पैसे कोण देणार, माती तपासायची लॅब कोण चालवणार, नवी कीड दिसली तर फोन कुणाला करायचा, याबद्दल एक अक्षर नव्हतं. आज इतक्या वर्षांनीही तसलीच पत्रं वेगवेगळ्या देशांत निघतायत आणि प्रत्येक वेळी त्याला सुधारणा म्हटलं जातंय, म्हणून हे लिहायला बसले.

आधीच सांगते, मी विकेंद्रीकरणाच्या विरोधात नाही, उलट मनापासून त्याच्या बाजूची आहे. जुनी केंद्रीय पद्धत कशी होती ते मला माहितीय. १९७० च्या दशकापासून जागतिक बँकेच्या कर्जावर कितीतरी देशांत 'प्रशिक्षण आणि भेट' नावाची पद्धत चालली, वरून ठरलेला संदेश ठरलेल्या पंधरवड्यात ठरलेल्या शेतकऱ्यांना सांगायचा, मग त्याच्या शेतात पाणी असो नसो, माती काळी असो की मुरमाड. शिस्त होती त्यात, नाही म्हणत नाही, पण शेतकऱ्याला काय हवंय ते विचारायची सोय त्यात नव्हती आणि कर्ज संपलं की बऱ्याच ठिकाणी तो सगळा डोलारा बसला, कारण दर महिन्याचा खर्च उचलायला देशाच्या स्वतःच्या बजेटमध्ये पैसाच नव्हता. त्यामुळे निर्णय शेताच्या जवळ व्हावेत, आमच्या कामाचा जाब शेतकऱ्यानेच निवडून दिलेल्या माणसाने विचारावा, हे मला पटतंच. मला पटत नाही ते एवढंच की तुम्ही काम खाली पाठवता आणि पैसा-अधिकार वर ठेवता. याला मी विकेंद्रीकरण म्हणणार नाही, हे हात झटकणं आहे.

पैशाचंच पहिलं बोलते कारण बाकीचं निम्मं दुखणं तिथूनच सुरू होतं. फिलिपिन्सचं उदाहरण घ्या. १९९१ च्या स्थानिक शासन कायद्याने तिथे कृषी विस्तार प्रांत आणि नगरपालिकांकडे गेला, कृषी खात्याचे १७,००० च्या वर कर्मचारी एका झटक्यात स्थानिक सरकारांचे झाले. राष्ट्रीय महसुलातला ४० टक्के वाटा खाली द्यायचं ठरलं, ऐकायला मोठा आकडा आहे आणि तो मोठा होताच, पण वाटप कसं ठरलं? निम्मं लोकसंख्येवर, पाव भाग क्षेत्रफळावर आणि पाव भाग सगळ्यांना सारखा. कुणाच्या गळ्यात किती काम पडलंय, किती विस्तार कर्मचारी आलेत, किती शेतकरी कुटुंबं आहेत, हे सूत्रात कुठेच नाही. मग ज्या नगरपालिकेत शेती जास्त आणि वस्ती विरळ तिने काय करायचं, पगार भागवायचा आणि हात जोडून बसायचं. पुढे २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वाट्याचा हिशोबच कमी धरला जात होता असं सांगितलं आणि २०२२ पासून स्थानिक सरकारांची रक्कम वाढली, म्हणजे कायदा झाल्यानंतर तीस वर्षांनी. तीस वर्षांत शेतकऱ्याची एक पूर्ण पिढी निघून जाते हो.

इथिओपियात तर प्रत्येक खेड्याच्या पातळीवर तीन-तीन विस्तार कर्मचारी नेमायचं धोरण होतं, एक पिकांचा, एक जनावरांचा, एक माती-पाण्याचा, आणि माणसं नेमलीही, हे खरंच मोठं काम आहे, फार कमी देशांनी एवढं केलंय. पण तालुक्यासारख्या वोरेडा नावाच्या पातळीवर जे एकत्रित अनुदान जातं त्यातला बहुतांश पैसा पगारातच संपतो. मग प्रात्यक्षिक प्लॉटला बियाणं कुठून आणायचं, प्रवास कसा करायचा? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आणि हे आकडे सोडा, मी माझंच सांगते. बदली झाल्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात माझ्याकडे असलेल्या गावांपैकी निम्म्या गावांत मी एकदाही गेले नाही. कामचुकारपणा म्हणून नाही, सहा महिने प्रवासभत्ता आला नाही आणि पगारही दोनदा लांबला. एका बाईंनी मला बाजारात गाठून पानांची पिशवी उघडून दाखवली, म्हणाल्या, ताई तुम्ही येत नाही म्हणून मीच पीक घेऊन आले तुमच्याकडे. पिशवीतल्या पानांवर करपा होता, तोपर्यंत शेतात पसरून गेला होता आणि आता फवारणीचाही उपयोग नव्हता. ती पिशवी मी विसरू शकत नाही.

दुसरं, आमचा मालक कोण ते ठरवा. पगार स्थानिक सरकार देतं, नेमणूक-बढतीचे नियम वरून येतात, राष्ट्रीय योजनेचे टार्गेट मंत्रालय पाठवतं, रिपोर्ट दोन्हीकडे जातात आणि शेतात काय चाललंय हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तशी आमची गत आहे. मला या वर्षांमध्ये कर गोळा करायला पाठवलंय, यादी तपासायला बसवलंय, सभेला खुर्च्या लावायलाही लावलंय, आणि नाही म्हणायची सोय नव्हती कारण ही कामं सांगणारा आणि मोटरसायकलच्या किल्लीवर सही करणारा माणूस एकच होता. मी त्या माणसाला दोष देत नाही, त्याच्याकडे माणसंच मोजकी होती. पण मग विस्तार कर्मचारी म्हणून माझं ट्रेनिंग कशाला केलंत? आमचं ट्रेनिंग तर बदलीनंतर बंदच पडलं, संशोधन केंद्र मंत्रालयाचं आणि आम्ही स्थानिक सरकारचे, त्यामुळे नवीन वाणाची माहिती मला खत दुकानदाराकडून कळते. दुकानदार जे विकायचंय तेच सांगणार, त्यात त्याची चूक नाही.

तिसरं आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा लांबेल. सगळंच खाली द्यायचं नसतं. कोणती सेवा कुठे असावी हे ठरवायला सोपी कसोटी आहे, चुकीची किंमत कोण मोजतो ते बघा. माझ्या गावात कुठलं पीक घ्यावं, प्रात्यक्षिक कुणाच्या शेतात करावं, मीटिंग कधी ठेवावी, इथे चूक झाली तर नुकसान आमच्याच भागाचं, तेव्हा निर्णयही आमचाच पाहिजे. पण साथीचा रोग, उडणारी कीड, बियाण्याची तपासणी, बनावट औषधांवर कारवाई, इथे एका जिल्ह्याने कानाडोळा केला तर शेजारचे दहा जिल्हे भोगतात.

इंडोनेशियात १ जानेवारी २००१ पासून एकदम मोठं विकेंद्रीकरण झालं, पशुवैद्यकीय सेवाही शेकडो जिल्ह्यांच्या हातात गेल्या. बर्ड फ्लू २००३ मध्ये कोंबड्यांमध्ये शिरला आणि २००५ पासून माणसांना होऊ लागला. केंद्राच्या पशुवैद्यकांना जिल्ह्यावर हुकूम चालवायचा अधिकार उरला नव्हता, जिल्ह्याने कळवलं तर कळवलं, आणि जिल्ह्याला कळवण्यात फायदा काय, बाजार बंद होणार, कोंबड्या मारायच्या आणि भरपाईचा पैसा कुठून आणायचा हा प्रश्न. त्या देशात या रोगाची लागण झालेल्या सुमारे २०० माणसांपैकी १६८ दगावली, जगात कुठल्याही देशात एच५एन१ ने, म्हणजे याच बर्ड फ्लूच्या विषाणूने, एवढी माणसं नेली नाहीत. सगळा दोष विकेंद्रीकरणाचा असं मी म्हणणार नाही, रोगच भयंकर होता आणि घरोघरी परसात कोंबड्या होत्या. पण साखळी तुटलेली होती हे नक्की. आणि ती जोडायला २००६ मध्ये काय करावं लागलं बघा, अन्न आणि कृषी संघटनेच्या मदतीने गावोगाव जाऊन लोकांशी बोलून रोग शोधणारी पथकं उभी करावी लागली, म्हणजे माहिती मिळाली ती गावातूनच, फक्त त्या माहितीला वरपर्यंत रस्ता नव्हता तो नव्याने बांधावा लागला.

याच्या उलट बुळकांडी बघा. हजारो वर्षं गुरं मारणारा रोग, २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. ते कसं झालं, तर उन्हातही टिकणारी लस आली आणि आफ्रिकेच्या दुर्गम भागात ती गुराख्यांमधल्याच शिकवून तयार केलेल्या लोकांनी टोचली, रोग कुठे लपलाय हेही त्यांनीच दाखवलं, आणि लस, प्रयोगशाळा, देशादेशांतला समन्वय वरून सांभाळला गेला. मला हवंय ते हेच, खालचं काम खाली आणि वरचं काम वर, आणि मधला फोन चालू.

लष्करी अळीच्या वेळी हे पुन्हा दिसलं. २०१६ मध्ये ती अमेरिका खंडातून आफ्रिकेत पोचली, दोनच वर्षांत सहाराच्या दक्षिणेकडचे जवळपास सगळे देश तिने गाठले आणि २०१८ मध्ये भारतात आली. पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो, त्याला जिल्ह्याची हद्द काय कळणार? अशा वेळी पंचायतीने किंवा केनियातल्या काउंटीने, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारने, स्वतःच्या बळावर काय करायचं, त्यांच्याकडे ना कीटकतज्ज्ञ, ना औषधाचा साठा, ना शेजाऱ्याला सांगायची व्यवस्था. टोळधाडीचंही तसंच, २०१९-२० मध्ये पूर्व आफ्रिकेत आणि दक्षिण आशियात टोळ आले तेव्हा विमानं, नकाशे, सीमेपलीकडच्या बातम्या लागल्या, या गोष्टी तालुक्याच्या बजेटमध्ये मावत नाहीत.

चौथं थोडक्यात. दर काही वर्षांनी पाटी बदलू नका. युगांडाने १९९७ च्या कायद्याने विस्तार जिल्ह्यांकडे दिला, २००१ मध्ये वेगळी राष्ट्रीय सल्ला सेवा काढली ज्यात शेतकरी गटांनी विषय निवडायचा आणि कंत्राटावर खाजगी सल्लागार घ्यायचे, मग २०१४ च्या आसपास ती पद्धत मोडून पुन्हा सरकारी विस्तार एका छत्राखाली आणला आणि बियाणं-रोपं वाटायचं काम सैन्याधिकाऱ्यांकडे गेलं. प्रत्येक बदलामागे काहीतरी कारण असेल, पण आंब्याचं किंवा कॉफीचं झाड लावलेल्या माणसाला एकच सल्लागार फळ येईपर्यंत तरी भेटावा की नाही? ओळख आणि विश्वास बसायलाच आम्हाला तीन-चार वर्षं लागतात.

आणि एक गोष्ट स्थानिक सरकारांनाही सांगते, कारण सगळा दोष वर टाकून मोकळं होणं बरोबर नाही. रस्ता, गटार, शाळेची खोली दिसते, त्यावर कोनशिला लागते. शेतकऱ्याला दिलेला सल्ला दिसत नाही, मातीचा कस सुधारायला निवडणुकीपेक्षा जास्त वर्षं लागतात, त्यामुळे हातात मोकळा पैसा आला की शेतीचं नाव यादीत शेवटी जातं. भारताच्या घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींना द्यायच्या २९ विषयांत पहिलाच विषय शेती आणि कृषी विस्ताराचा आहे, ही अनुसूची आणणारी ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली. केनियाच्या २०१० च्या घटनेतही ४७ काउंटींच्या कामांच्या यादीत पहिलं नाव शेतीचंच. कागदावर दोन्हीकडे नंबर पहिला. प्रत्यक्षात भारतात किती द्यायचं ते राज्यांच्या मर्जीवर राहिलं आणि बहुतेक राज्यांनी कृषी खातं स्वतःच्याच हाताखाली ठेवलं. केरळने मात्र वेगळं केलं, तिथे १९९६ च्या लोकयोजनेत राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्के पैसा स्थानिक संस्थांना द्यायचं आधी ठरवलं, प्रत्येक पंचायतीतलं कृषी भवन आणि तिथला अधिकारी पंचायतीबरोबर जोडला, हजारो लोकांना नियोजनाचं ट्रेनिंग दिलं, आणि शेतीसारख्या उत्पादक कामांवर निदान किती खर्च झालाच पाहिजे आणि रस्त्यांवर जास्तीत जास्त किती, हेही ठरवून दिलं. तिथे सगळं सुरळीत झालं असं मी म्हणत नाही, भातशेतीचं क्षेत्र तर घटतच गेलं. पण क्रम बरोबर होता, पैसा आधी, माणूस बरोबर, आणि शेतीचा वाटा राखलेला.

आफ्रिकेतल्या सरकारांनी २००३ मध्ये मोझांबिकमधल्या मापुतो शहरातल्या बैठकीत शब्द दिला होता की पाच वर्षांत बजेटचा १० टक्के भाग शेतीला देऊ, २०१४ मध्ये इक्वेटोरियल गिनीतल्या मलाबो शहरात तोच शब्द पुन्हा दिला. बहुतेक देश तिथवर पोचलेच नाहीत. मग वरच पैसा नसताना खाली काय वर्ग करता, तुटवडाच ना?

तर आता मागण्या सांगते, साध्या आहेत.

कुठलीही कृषी सेवा खाली देण्याआधी तिचा खरा वार्षिक खर्च काढा, पगारच नाही तर पेट्रोल, प्रात्यक्षिकं, लॅबचं साहित्य, ट्रेनिंग सगळं धरून, आणि तेवढा पैसा पहिल्या दिवसापासून त्या कामासाठी राखून पाठवा. वाटपाच्या सूत्रात शेतकरी कुटुंबांची संख्या घाला, नुसती लोकसंख्या चालणार नाही. पगाराबाहेरच्या फिरती खर्चाला ठरावीक वाटा ठेवा ज्याला दुसऱ्या कामासाठी कुणी हात लावू शकणार नाही.

विस्तार कर्मचाऱ्याला एक मालक द्या. स्थानिक सरकारचा असेल तर पूर्ण त्याचाच, नेमणूक, रजा, शिस्त सगळं, आणि मंत्रालयाला आमच्याकडून योजना राबवून घ्यायची असेल तर स्थानिक सरकारशी करार करून पैसा देऊन घ्यावी. आणि इतर कामांना लावायचं नाही असं लेखी द्या.

रोग-कीड पाळत, बियाणं प्रमाणन, औषधांची गुणवत्ता तपासणी आणि संशोधन राष्ट्रीय पातळीवर ठेवा, पण गावातून आलेल्या खबरेला किती तासांत उत्तर मिळेल ते ठरवा. रोग कळवणाऱ्या शेतकऱ्याला आणि जिल्ह्याला शिक्षा झाल्यासारखं वाटता कामा नये, म्हणून भरपाईचा निधी केंद्राचा हवा आणि तो आधीच बाजूला काढलेला हवा. साथ आल्यावर फाईल हलवून तो मिळत नाही, हे मी दोनदा बघितलंय.

लहान स्थानिक सरकारांना एकत्र येऊन एक पशुवैद्य, एक मातीतज्ज्ञ, एक लॅब ठेवता येईल असा कायदा करा. प्रत्येकाने सगळं ठेवायचं म्हटलं तर कुणाकडेच धड काही राहत नाही.

शेतकऱ्यांची, आणि त्यात निम्म्या बायका असलेली, समिती आमच्या कामाचा वर्षातून दोनदा हिशोब घेईल आणि तो हिशोब गावात वाचून दाखवला जाईल अशी सोय करा. शेतात राबणाऱ्या बाईच्या नावावर जमीन नसते म्हणून तिचं नाव आमच्या यादीत येत नाही, पिकावरचा करपा मात्र तीच आधी बघते.

आणि कर्ज-अनुदान देणाऱ्या संस्थांना विनंती, तीन वर्षांचा प्रोजेक्ट घेऊन येऊ नका. दहा वर्षांसाठी या, स्थानिक बजेटमधून पैसा द्या, वेगळं ऑफिस आणि वेगळ्या गाड्या उभ्या करू नका. प्रोजेक्टच्या गाड्या आम्ही बघितल्यात, प्रोजेक्ट संपला की टायर नसलेल्या त्या गाड्या आवारात वर्षानुवर्षं उभ्या असतात.

माझी सात वर्षं नोकरी राहिलीय. बदलीचं ते एक पानी पत्र मी अजून फाईलमध्ये ठेवलंय. यापुढे तुमच्याकडून असं पत्र निघेल तेव्हा त्याला दुसरं पान जोडा, ज्यात कुठलं काम कुणाचं, त्याला दरवर्षी किती पैसा, तो कुठल्या महिन्यात येणार आणि कीड दिसली तर कुठल्या नंबरवर फोन करायचा, एवढं लिहिलेलं असेल. ते पान तयार नसेल तर पहिल्या पानावर सही करू नका.

आपली,
एक विस्तार कर्मचारी